नॉमिनीचा रकाना

मंगळवार, ४

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक वही ठेवा. ताप, घाम, खाज, वजन, भूक, सगळं रोजच्या रोज लिहीत जा. घरात कोरी वही सापडली नाही, म्हणून कंपनीचं लिफ्ट दुरुस्तीचं लॉगबुक घेतलं. त्यात रकाने छापलेलेच आहेत. तर घ्या:

तक्रार: मानेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ.
कारण: कॅन्सर. जातीचं नाव लिम्फोमा. ऐकायला पाठदुखीच्या मलमासारखं वाटतं.
केलेलं काम: अजून काही नाही. १८ तारखेपासून किमो. दर पंधरा दिवसांनी एक, असे बारा.

डॉक्टरीणबाई माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठ्या असतील. बातम्या वाचल्यासारखं बोलतात. "तुमच्या वयात, या टप्प्यावर, शंभरातले पंच्याऐंशी पूर्ण बरे होतात." मी म्हटलं, म्हणजे डिस्टिंक्शन की! त्या हसल्या. आई हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "उरलेल्या पंधरांच्या फायली माझ्याकडे यायच्या."

आई एकवीस वर्षं विमा कंपनीत क्लेमच्या खिडकीवर बसली. माणूस गेला की त्याच्या घरचे कागद घेऊन तिच्यापुढे उभे राहायचे. त्यामुळे तिला शुभ बोलण्याची सवय राहिलेली नाही.

मग तयारीची यादी. दात तपासून घ्या. मऊ ब्रश आणा. गर्दीत जाऊ नका. आणि सगळ्यात शेवटी, फाईल मिटता मिटता, "लग्न झालंय?"

"नाही."

"पुढे मुलं हवी असतील ना?"

आई शेजारच्या खुर्चीत. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. किमोने त्या खात्याचं नुकसान होऊ शकतं म्हणे, म्हणून आधीच नमुने गोठवून ठेवायचे. दोन रस्ते सोडून एक सेंटर आहे. तीन नमुने, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. आईने पर्समधून पेन काढलं आणि कागदावर लिहिलं, 'नमुने ३'. खाली दोन रेघा मारल्या. जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं माणसं का म्हणतात ते सव्विसाव्या वर्षी कळलं.

हॉस्पिटलची लिफ्ट: दार मिटताना अडखळतं. उंबऱ्याच्या खाचेत कचरा साठलाय. लिफ्टवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही पेशंट ना?"

बुधवार, ५

फोरमनकाकांना सांगितलं. आम्ही एका ऑफिसच्या इमारतीत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होतो, ब्रेकचे पॅड बदलत होतो. काकांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "केस जातील का रे?"

"जातील म्हणतात."

त्यांनी टोपी काढून डोकं दाखवलं. तिथे वीस वर्षांत काही उगवलेलं नाही. "मेलो का मी?"

याला आमच्यात सांत्वन म्हणतात.

येताना चष्मेवालीच्या दुकानात गेलो. ती डोळे तपासते, काचा बसवते आणि आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याशी भांडते. मी दोन वर्षांपूर्वी तिच्याकडून पहिला चष्मा केला. नंतर आणखी तीन केले. तिला सांगितलं की कंपनी मला सहा महिने ट्रेनिंगला पाठवतेय. लांब. नव्या प्रकारच्या लिफ्ट आल्यात.

"सहा महिने? वर आणि खाली शिकायला?"

"आता सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"आणि कॉलर का वर केलीस? हिरो झालास?"

मी म्हटलं, फॅशन आहे. गाठ कॉलरखाली नीट झाकते.

माझा विचार पक्का आहे. सहा महिन्यांत ती वैतागेल, फोन कमी होतील, मग बंद. पंधरांतला निघालो तर तिला कळायचंही नाही. पंच्याऐंशीतला निघालो तर पुढचं पुढे. हा त्याग आहे. कुणाला तरी सांगायला हवा होता, पण गुपचूप केला तरच तो त्याग, म्हणून इथे लिहितोय.

शुक्रवार, ७

नमुना क्रमांक एक.

आईला म्हटलं, तू येऊ नकोस. ती म्हणाली, "फॉर्म असतील." आली. सेंटरच्या काउंटरवर एक गृहस्थ बसतात, आवाज देवळात बोलल्यासारखा. त्यांनी मला एक झाकणाचा डबा दिला, आईला सात पानी फॉर्म दिला आणि दोघांना वेगवेगळ्या दिशा दाखवल्या.

खोलीत रेक्झिनची खुर्ची, बेसिन आणि एक रॅक. रॅकवर बागकामाची मासिकं. कुंडीतल्या गुलाबाची छाटणी कशी करावी यावर एक चांगला लेख आहे, तो मी पूर्ण वाचला. भिंतीपलीकडून आईचा आवाज येत होता. ती त्या गृहस्थांना पान चारवरच्या दोन वाक्यांत विसंगती दाखवत होती. अशा परिस्थितीत जगाची लोकसंख्या एवढी वाढली कशी, हे मला पडलेलं कोडं आहे.

काम कसंबसं झालं. बाहेर आलो तेव्हा फॉर्म भरून तयार होता. आईचं अक्षर छापल्यासारखं. तिने बोट ठेवलं तिथे तिथे मी सह्या केल्या. आईने भरलेला फॉर्म वाचायचा नसतो, हे मी शाळेपासून शिकलोय. तिचे नियम दोन: रकाना रिकामा सोडायचा नाही आणि पेन्सिल वापरायची नाही. "पेन्सिलीने लिहिलेलं म्हणजे न लिहिलेलं." मी अकरा वर्षांचा असताना हे वाक्य ऐकून गणिताची अख्खी वही पेनाने केली होती. बाईंनी अंगठे धरायला लावले.

तिथून मी कामावर गेलो. आई म्हणाली, तिला एक काम आहे, ती चालत जाईल.

शनिवार, ८

आईच्या चष्म्याला नवी फ्रेम. तपकिरी. बरी दिसते. म्हटलं, जुनी कुठे गेली? म्हणाली, "मोडली." कशी? "मोडते कधीकधी."

खाज आहे. ताप नाही. वजन अर्धा किलो कमी.

सोमवार, १०

नमुना क्रमांक दोन. गुलाबानंतर आता शेवंती.

दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ भरली. म्हणाले, तोंडाची काळजी घ्या, किमोत तोंड येतं. बाकी काय काय येतं याची यादी आता माझ्याकडे एवढी झालीय की जे येत नाही त्याचीच करावी.

संध्याकाळी चष्मेवालीकडे. "जायच्या आधी डोळे तपासून घे," म्हणाली. अंधाऱ्या खोलीत बसवलं, ती जड गोल फ्रेम नाकावर चढवली आणि काचा बदलायला लागली.

"पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

"आता? पहिलं की दुसरं?"

"पुन्हा दाखव."

हे तिचं रोजचं. सगळी गिऱ्हाइकं 'पुन्हा दाखवा' म्हणतात. ती म्हणते, माणसाला दोन्ही काचा समोर असल्या तरी निवडायची भीती वाटते, परीक्षेला बसल्यासारखी. आज मात्र ती घाई करत नव्हती. बारा वेळा दाखवलं. नंबर तोच आला.

मग तिने एक पिशवी दिली. मऊ ब्रश, ओठांना लावायचं मलम, सुती टोपी. "तिकडे थंडी असेल." मी कुठे जातोय हे तिला सांगितलेलंच नाही. म्हटलं, सहा महिने आहेत गं. ती म्हणाली, "मग? जा. नीट शीक."

एवढ्या सहज सोडेल असं वाटलं नव्हतं. दोन वर्षं. चार चष्मे. त्याग असा एकतर्फी असला की त्यात मजा राहत नाही.

गुरुवार, १३

नमुना क्रमांक तीन. मासिकं संपली. एक विणकामाचं होतं, पण माणसाला मर्यादा असते.

दुपारी सेंटरमधून त्या गृहस्थांचा फोन. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेलो, पायाखाली ग्रीस.

"सर, फॉर्ममध्ये थोडी अडचण आहे. पान सहा. नमुनेदाराचा मृत्यू झाल्यास काय करावं, असा रकाना आहे. पर्याय एक, नमुने नष्ट करावेत. पर्याय दोन, जोडीदाराच्या ताब्यात द्यावेत. तुम्ही दोनवर खूण केलीय."

"बरं मग?"

"आणि नाव तुमच्या आईंचं लिहिलंय."

खड्ड्यात माझा आवाज घुमला. वर काका म्हणाले, "काय रे, शॉक बसला का?"

सोमवारी पाचच्या आत नवं पान भरून द्यायचंय, नाहीतर तिन्ही नमुने स्वीकारता येणार नाहीत. मंगळवारी किमो सुरू झाला की नवे घेता येणार नाहीत. म्हणजे गुलाब, शेवंती आणि विणकाम, सगळं पाण्यात.

घरी येऊन आईपुढे उभा राहिलो.

"आई, पान सहावर काय लिहिलंस?"

"नॉमिनी."

"तुझं नाव?"

"मग कुणाचं लिहू, दूधवाल्याचं? तुझ्या प्रत्येक कागदावर माझंच नाव आहे."

"आई, तो विमा नाहीये! मी मेलो तर ते तुझ्या ताब्यात येणार. तू काय करणार त्याचं?"

आईने खरंच विचार केला. मग म्हणाली, "मटारची पिशवी काढली तर फ्रीझरमध्ये जागा होईल."

मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि हसलो. पोट दुखेपर्यंत. आईसुद्धा हसली, महिन्याभरात पहिल्यांदा. चष्मा काढून डोळे पुसले. पुसतच राहिली.

मग म्हणाली, "बाबांच्या विम्याच्या फॉर्मवर तो रकाना रिकामा होता."

मला हे माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांचा. तेवढ्या एका रिकाम्या रकान्यापायी ती चौदा महिने त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती, मला कडेवर घेऊन. शेवटी तिथल्या साहेबांनीच तिला नोकरी दिली. ती खिडकीच्या पलीकडे जाऊन बसली. "एकवीस वर्षं मी माणसांना तेच सांगत आले. रिकामं सोडू नका. त्या दिवशी सेंटरच्या बाकावर पान सहा आलं, रकाना रिकामा दिसला. माझा हात थांबला नाही रे. काय लिहितेय ते वाचलंच नाही मी."

फॉर्म न वाचणारी आई मी प्रथमच बघितली.

"दुसरं नाव दे," ती म्हणाली. "मी माझं खोडते. शेजारी पूर्ण सही करते."

"दुसरं नाव नाहीये. मी नष्ट करा म्हणून सांगतो."

"चार चष्मे आहेत," आई म्हणाली. "नंबर एकच."

विषय बदलायची तिची जुनी खोड. उत्तर सुचलं नाही की काहीही बोलते.

शनिवार, १५

कामाचा शेवटचा दिवस. काकांनी आमची पिवळी पाटी माझ्या पिशवीत कोंबली. 'दुरुस्तीसाठी बंद. हात लावू नये.'

आमच्या कामात एकच नियम असा आहे की तो मोडला तर माणूस मरतो. मेन स्विच बंद करून पाटी लावायची, मगच आत शिरायचं. आणि पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. फोरमन आला, मालक आला, कुणीही आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आत कोण अडकलंय हे फक्त लावणाऱ्याला माहीत असतं.

"तुझ्याकडेच ठेव," काका म्हणाले. "सहा महिन्यांनी आणून दे. हरवलीस तर भरून घेईन."

मग जिना उतरून गेले. लिफ्ट चालू असताना.

पान सहाची कोरी प्रत आणलीय. पर्याय एकवर खूण करायला अर्धं मिनिट लागतं. सकाळपासून पेन सापडत नाही. आईच्या घरात पेन सापडत नाही, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

रविवार, १६

ठरवलं की खोटं बोलून जायचं नाही. खरं सांगायचं, तिला मोकळं करायचं, मग खूण करायची. भाषण पाठ केलं. संध्याकाळी दुकानात गेलो. ती एका फ्रेमचा स्क्रू आवळत होती.

"मी ट्रेनिंगला जात नाहीये."

"माहीत आहे," मान वर न करता. "किमोला जातोयस."

मी खुर्ची शोधली.

"कधीपासून माहीत आहे?"

"सात तारखेच्या शुक्रवारपासून. एक बाई दुकानात आल्या. चष्मा काढला, काउंटरवर ठेवला आणि माझ्यादेखत दांडी मोडली. कटकन. म्हणाल्या, हा दुरुस्त व्हायला वीस मिनिटं लागतील ना? मग बसते. मला तुमच्याशी बोलायचंय."

"आईला तुझ्याबद्दल कुणी सांगितलं?"

"म्हणाल्या, चार चष्म्यांचा नंबर एकच आहे आणि डबी एकाच दुकानाची. एकवीस वर्षं खोटे क्लेम पकडलेत मी."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतोस ते बघत होते. रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. दुकान साडेसातला बंद होतं." तिने घड्याळ दाखवलं. सात वीस. "फार जवळ आणलंस, गाढवा."

मी पाठ केलेलं भाषण काढलं. तू मोकळी आहेस, वगैरे. चांगलं होतं, पण दुसऱ्याच वाक्याला तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मोकळी करायला मी काय लिफ्टमध्ये अडकलेय? आणि पंच्याऐंशीत आलास तर? परत येऊन पाचवा चष्मा करणार?"

भाषण तिथेच सोडलं. पान सहाचं सगळं सांगून टाकलं. आईचं नाव, मटारची पिशवी, सोमवारी पाच वाजता. मटाराला ती हसली. मग पुढचं ऐकताना हसू गेलं.

"म्हणजे तू नसशील, आणि ते माझ्याकडे असेल."

"म्हणूनच मी एकवर खूण करणार आहे."

"मी काही म्हटलं का?" तिने दिवे मालवायला सुरुवात केली. "मला आज विचारू नकोस. मला नाही म्हणायचंय की हो म्हणायचंय ते मलाच माहीत नाही. रडतेय म्हणून हो म्हणाले, असं नको."

शटर मी ओढलं. ती दुसऱ्या बाजूने घरी गेली.

सोमवार, १७

साडेचारला सेंटरमध्ये. आई फाईल मांडीवर घेऊन बाकावर. पेन सापडलं होतं, तिच्याच पर्समध्ये.

पावणेपाच. मी म्हटलं, आण ते पेन. आई म्हणाली, "थांब."

पाचला दहा कमी असताना चष्मेवाली आली. गळ्यात अजून दुकानातली काच पुसायची फडकी. कुणाशी न बोलता पान सहा हातात घेतलं आणि उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी हळूच घड्याळाकडे बघितलं.

"काकू," ती आईला म्हणाली, "यावर सही केली म्हणजे हा जाणार असं मी धरून चालले, असं होतं का?"

"नाही गं. नॉमिनी लिहिल्याने कुणी जात नाही. घराबाहेर पडताना आपण किल्ली शेजारी देतो, ती काय घर जळेल म्हणून?"

"आणि पुढे मला नको वाटलं तर?"

"पान सात, तिसरा मुद्दा," आई म्हणाली. "कधीही नको म्हणता येतं. मी तो आधी वाचून घेतलाय."

चष्मेवालीने पर्याय दोनवर खूण केली, नाव लिहिलं, सही केली. आईने जुनं पान पुढे ओढलं, स्वतःच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी पूर्ण सही केली. रेघ मारायला एवढा वेळ लागत नाही.

"एक रकाना राहिलाय," ते गृहस्थ म्हणाले. "नातं."

आम्ही तिघं त्या रकान्याकडे बघत राहिलो. मैत्रीण म्हणावं तर ते फॉर्ममध्ये शोभत नाही. चष्मेवाली म्हटलं तर त्यांना कळणार नाही. तेवढ्यात आईने पर्स उघडली आणि पेन्सिल काढली. माझ्या आईने. पेन्सिल. पुढे वाकून छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'नियोजित पत्नी'. पुसट, हात लावला तर जाईल इतकं.

"बाई, पेन्सिल चालत नाही," गृहस्थ देवळातल्या आवाजात म्हणाले.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "ते पक्कं करायचं माझं काम नाही."

पेन माझ्यापुढे होतं. चष्मेवाली भिंतीवरचा तक्ता वाचत होती, त्यात काही वाचण्यासारखं नव्हतं. माझ्या मानेवरची गाठ उघडी पडली होती. कॉलर खाली होती, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी फॉर्म तिच्यासमोर सरकवला. पेन्सिलीचे शब्द बोटाने झाकले. "पहिलं." बोट काढलं. "की दुसरं?"

तिने चष्मा सारखा केला.

"पुन्हा दाखव."

दाखवलं. पाचला तीन मिनिटं होती.

"पुन्हा."

"अगं, बंद करतील ते!"

"दुसरं," ती म्हणाली. "पण अक्षर नीट काढ. तुझं अक्षर बघून कुणी तुला लिफ्टला हात लावू देतं तेच नवल."

मी आईच्या अक्षरावरून पेन फिरवलं. 'त्नी' बिघडला.

"शेजारी सही कर," आई म्हणाली. "पूर्ण."

मंगळवार, १८

तक्रार: जुनीच.
कारण: जुनंच.
केलेलं काम: आजपासून सुरू.

हॉस्पिटलच्या लिफ्टचा उंबरा साफ केलेला दिसला. दार गप्प मिटलं. लिफ्टवाला मला बघून म्हणाला, "झालं का समाधान?"

वर मोठ्या खिडकीशी खुर्ची मिळाली. एका बाजूला आई, एका बाजूला चष्मेवाली, दोघींचं माझ्या डोक्यावरून माझ्याबद्दलच बोलणं चाललंय. सलाईनच्या स्टँडवर दोन बाटल्या आहेत, त्यांतली एक सरबतासारखी लालभडक. तिच्याखाली मी काकांची पिवळी पाटी अडकवली.

सिस्टर आल्या, सुई नीट बघितली, नळीची चकती फिरवली. मग पाटी वाचली.

"हे काय? काढा ते."

"काढता येत नाही, सिस्टर. ज्याने लावली त्यानेच काढायची, असा नियम आहे."

"कुणी लावली?"

"मी."

"मग काढा की."

"काढणार," मी म्हटलं. "काम झाल्यावर."